दहापैकी दहा

प्रज्ञा पगारेचा हात जड आहे, असं तिला आजवर कोणी म्हटलं नव्हतं. म्हटलं ते एका आलेखाने, आणि तोही तिनेच रात्रभर जागून कॉम्प्युटरवर काढलेला. स्वतःच्या हाताने स्वतःच्या हातावर ठपका ठेवायचा योग सगळ्यांच्या नशिबी नसतो.

प्रज्ञा नगरच्या एका डेंटल कॉलेजात वेडेवाकडे दात सरळ करण्याचं शिक्षण घेत होती. शेवटचं वर्ष. या कॉलेजचं तिसगावात एक केंद्र होतं. केंद्र म्हणजे ग्रामपंचायतीने दिलेली एक खोली, दोन खुर्च्या आणि एक कुरकुरणारा पंखा. आठवडी बाजाराच्या दिवशी ते उघडायचं. तिथले अर्धे पेशंट प्रज्ञाचे आणि अर्धे तिच्याच वर्गातल्या योगेशचे. दोघांचा मिळून एक अभ्यास चालू होता. दातांना क्लिपा बसवल्यावर त्यातून ओढलेली साधी स्टीलची तार जास्त दुखते की नवी लवचिक तार? आणि दात सरळ होता होता तोंडात दुसरं काय बिघडतं, म्हणजे गालाला फोड, सुजलेल्या हिरड्या, झिजलेली मुळं, तेही बघायचं होतं.

नियम कडक होते. तार बदलली की दुसऱ्या दिवशी पेशंटला फोन जायचा आणि दुखणं शून्य ते दहामध्ये किती, ते विचारलं जायचं. हा फोन डॉक्टरने करायचा नाही, कारण डॉक्टरला तोंडावर कोण खरं सांगतं? आकडेसुद्धा डॉक्टरने शेवटपर्यंत बघायचे नाहीत, नाहीतर हात बिचकतो. हे सगळे नियम त्यांच्या गाईड माधुरी औटी मॅडमचे. मॅडमच्या केबिनमध्ये पंखासुद्धा हळू आवाजात फिरतो, असं विद्यार्थी म्हणायचे.

अखेर आकडे उघडले. तारांमध्ये काडीचा फरक निघाला नाही. फरक निघाला डॉक्टरांमध्ये. योगेशच्या पेशंटांनी दोन, तीन, फार तर चार सांगितले होते. प्रज्ञाच्या पेशंटांनी दहा. नऊ सांगणारा एखादाच, बाकी सगळे दहा.

मॅडमनी आलेख दोनदा पाहिला.

"प्रज्ञा, दहा म्हणजे काय ते तुला माहीत आहे ना? सहनच होत नाही इतकं दुखणं."

"हो मॅडम."

"मी चिडलेले नाही. पण तुझ्या हाताखाली माणसं कळवळतायत आणि तुला पत्ता नाही, हे चालणार नाही. तुझे तिसगावचे पेशंट आता योगेश बघेल. उद्या जा आणि त्याच्या ताब्यात देऊन ये. मग तुझ्या हाताचं काय करायचं ते बघू."

'तुझ्या हाताचं काय करायचं' हे वाक्य प्रज्ञाने होस्टेलपर्यंत बरोबर नेलं. जेवणावर वासना राहिली नाही. तिने देवळाली प्रवऱ्याला आईला फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं आणि फुस्सकन हसली.

"तुझा हात जड? आगं, तू भाकर थापती का कुरवाळती, तेच मला कळंना अजून. त्या तुमच्या मशिनीलाच काय तरी झालं आसंल."

पण आईचं प्रमाणपत्र प्रबंधाला जोडता येत नाही. प्रज्ञाला रात्रभर तिसगावची माणसं आठवत राहिली. तिच्यासाठी फडक्यात बांधून आणलेल्या गवारीच्या शेंगा, बळेबळे पुढे केलेला चहा, "मॅडम, तुमी आल्या की बरं वाटतं" म्हणणाऱ्या बाया. या गोष्टींवर ती मनातून फुलून जायची. घराण्यातली पहिली डॉक्टर होती ती, आणि आपल्याला माणसं जीव लावतात याचं तिला भारी कौतुक होतं. आता वाटायला लागलं, बिचारी दुखणं गिळून शेंगा देत होती की काय! या विचाराने तिला अक्षरशः रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीत योगेश शेजारी बसला होता. तो बरा मुलगा होता, पण देवाने त्याला बोलण्याची कला देताना हात आखडता घेतला होता.

करंजी घाटात गाडी वळायला लागली तेव्हा तो म्हणाला, "होतं असं. मी तारेचा फोर्स मोजून लावतो. तू बहुतेक अंदाजाने लावत असशील."

"मीही मोजूनच लावते."

"मग काय माहीत!" योगेश खिडकीबाहेर बघत म्हणाला. सहानुभूती दाखवायचा त्याचा मनापासून प्रयत्न होता, पण आतून आनंदाच्या उकळ्या फुटत होत्या आणि त्या चेहऱ्यावर येत होत्या. वर्षभर तिसगावात त्याला कोणी साधा पेरू दिला नव्हता.

केंद्राबाहेर नेहमीसारखी गर्दी होती. केंद्राचा सगळा कारभार कानिफनाथ नावाचा पन्नाशीचा गृहस्थ बघायचा. कुलूप, पाणी, नंबर लावणं आणि पेशंटांना ते फोन करणं, सगळं त्याच्याकडे. मितभाषी माणूस. फोनवर लांबड लावणाऱ्यांचा त्याला मनस्वी तिटकारा होता.

प्रज्ञाने सगळ्यांना आत बोलावलं. पुढे भागूबाई होती, सोबत तिची अकरावीतली मुलगी संस्कृती. क्लिपा संस्कृतीच्या दातांना होत्या, पण केंद्रात बोलायचं काम भागूबाई करायची. मागे भिंतीला टेकून बिभीषण उभा होता. तिसगाव ते मढी जीप चालवणारा हा गडी पस्तिशीत क्लिपा बसवून घ्यायला आला होता, कारण दर वाढदिवसाच्या फ्लेक्सवर तोंड मिटून उभं राहायचा त्याला कंटाळा आला होता. आणखी दहाबारा जण होते.

"पुढच्या वेळेपासून तुम्हाला सगळ्यांना योगेश सर बघतील," प्रज्ञा म्हणाली. आवाज सरळ ठेवताना तिची पुरेवाट झाली. "मी येणार नाही."

एकदम गलका उठला.

"आन् ते का?" भागूबाईचा आवाज सगळ्यांच्या वर. "लगीन ठरलं का काय?"

"नाही हो. माझ्या हाताने तुम्हाला फार दुखतं, म्हणून."

"कोन म्हनलं?"

"तुम्हीच म्हणालात. फोनवर. सगळ्यांनी दहा-दहा सांगितलं."

"मंग? धाच देनार! मी तर पोरीला म्हनलं, मॅडमचा एकबी मार्क कापायचा न्हाई. सोन्यासारखी बाई हाय."

प्रज्ञाने भागूबाईकडे पाहिलं, मग बिभीषणकडे. बिभीषणने छातीवर हात ठेवला.

"आमीबी फुल दिल्यात मॅडम. पैकीच्या पैकी!"

तिने सावकाश मान वळवली. कानिफनाथ पाण्याच्या जारमागे सरकायच्या बेतात होता.

"कानिफनाथकाका, तुम्ही फोनवर नक्की काय विचारायचात?"

"जे सांगितलं हुतं त्येच."

"म्हणजे काय? शब्द सांगा."

कानिफनाथने घसा साफ केला. "त्यो लिवलेला प्रश्न लई लांब हुता, मॅडम. काल बदललेल्या तारेमुळं आज होनाऱ्या वेदनांचं प्रमान... तिथवर गेलो की मानूस फोनच ठेवतंय. मंग मी आपलं थोडक्यात घेतलं. 'डॉक्टर प्रज्ञा पगारे, धापैकी किती?' लगेच उत्तर यायचं."

प्रज्ञाला हसू फुटलं. ते इतकं जोरात आलं की तिला खुर्चीचा हात धरावा लागला. काल रात्रीचं रडू आणि आजचं हसू यांनी एकाच वाटेवर गर्दी केली आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. भागूबाईला नेमकं काय झालं ते कळलं नव्हतं, तरी ती सगळ्यांत मोठ्याने हसली.

योगेश मात्र हसत नव्हता. तो हिशेब जुळवत होता.

"म्हणजे मला जे दोन-तीन मिळाले, ते..."

"ते तुमचे मार्क," बिभीषण आदराने म्हणाला. योगेशचे पेशंट काही वेगळे नव्हते, याच गावचे, आणि त्यांनाही फोनवर असंच थोडक्यात विचारलं गेलं होतं.

"दोन? अहो, माझं काम एक नंबर आहे!"

"कामाचं न्हाई वो सायेब. तुमी बोलतच न्हाई. मानूस आला का गेला इचारत न्हाई, जीपचं बॉनेट उघडावं तसं तोंड उघडायला लावता."

"मग ते दोन तरी कशाचे दिले?"

"हजेरीचे," मागून योगेशच्या पेशंटसोबत आलेल्या एका म्हातारीने सांगितलं, आणि पुन्हा हशा पिकला. योगेशचा चेहरा असा झाला होता की प्रज्ञाला त्याची दया आली. त्याच्या पाठीवर थाप मारावी इतकी ती आज उदार झाली होती. तिचा हात हलका होता! माणसं तिला जीव लावत होती, ते सगळं खरं होतं!

पण अभ्यास तो अभ्यास. तिने सगळ्यांना बसवलं आणि खरा प्रश्न खऱ्या शब्दांत विचारायला घेतला. दुखलं किती? शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे सहन होत नाही. डॉक्टरला मार्क द्यायचे नाहीत, मॅडम नाराज होणार नाहीत, शेंगा आणल्या तरी चालतील. एकेक जण सांगत गेला. दोन. तीन. पहिल्या दिवशी चार, मग काही नाही. "भाकर चावताना जरा, न्हाई म्हनायला." प्रत्येक आकड्यागणिक प्रज्ञाच्या खांद्यावरचं ओझं उतरत होतं.

संस्कृतीची पाळी आली.

"हिचं काय न्हाई, बरं हाय," भागूबाईने नेहमीप्रमाणे सांगून टाकलं. "मीच तिला धा दे म्हनलं हुतं."

"तू म्हणायच्या आधीच मी दहा सांगितले होते," संस्कृती म्हणाली. बोलताना तिचा उजवा गाल हलत नव्हता, हे प्रज्ञाला तेव्हा दिसलं. "दुखण्याचे."

भागूबाईचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. "आगं, काय बोलती?"

"पहिल्या दिवशी मॅडमनीच समजावलं होतं. शून्य म्हणजे काय, दहा म्हणजे काय. मी ऐकलं होतं. म्हणून फोन आला की प्रत्येक वेळी दहा सांगितले. मला वाटलं, आता मॅडम बघतील. पण कोणी काही केलंच नाही."

प्रज्ञाने तिला खुर्चीत बसवलं, दिवा ओढला आणि तोंड उघडायला सांगितलं. पुढचे दात सुंदर बसले होते, फोटो काढावा असे. तिने गाल बोटाने बाजूला केला. उजवीकडे शेवटच्या दाढेमागून तारेचं टोक बाहेर सरकलं होतं आणि बाभळीच्या काट्यासारखं गालात रुतलं होतं. तिथे पांढरा फोड होता. नवा नव्हता, कडा घट्ट झालेल्या होत्या. ही पोर कित्येक आठवडे डाव्या बाजूने चावत होती, बहुतेक पोटभर जेवतही नव्हती.

आणि प्रज्ञाला मागची भेट आठवली. भागूबाई थोरल्या लेकीच्या बाळंतपणाचं सांगत होती, चहा आला होता, प्रज्ञाने बोलता बोलता तार बदलली होती, पुढचे दात बघून "छान" म्हटलं होतं आणि चहा गार व्हायच्या आत प्यायला होता. शेवटच्या दाढेमागे तिने बोट फिरवलंच नव्हतं, ना त्या दिवशी, ना त्याआधी कधी. योगेश फिरवायचा. प्रत्येक पेशंटच्या, न चुकता, एक शब्द न बोलता. त्याच्या या सवयीवर ती होस्टेलात सगळ्यांना हसवायची. आता तिला स्वतःची लाज वाटली, अगदी कानशिलं तापेपर्यंत.

तिने कटरने टोक कापलं, उरलेलं आत वळवलं, फोडावर औषध लावलं. संस्कृतीने गाल हळूच फुगवून पाहिला आणि मोठा श्वास सोडला.

"मला समोर का नाही सांगितलंस गं?" प्रज्ञाने विचारलं.

"आई बोलत असायची. आणि तुम्ही इतकं चांगलं वागता," संस्कृती म्हणाली. "तुम्हाला कसं सांगायचं?"

भागूबाई डोळ्यांना पदर लावून कोपऱ्यात बसली.

प्रज्ञा बाहेर आली आणि कडुलिंबाखाली उभं राहून तिने औटी मॅडमना फोन लावला. आधी कानिफनाथच्या प्रश्नाची गोष्ट सांगितली. पलीकडून एक आवाज आला, तो हसण्याचा आहे हे कळायला तिला वेळ लागला, कारण औटी मॅडमना हसताना कॉलेजात कोणी ऐकलं नव्हतं.

"म्हणजे त्या बिचाऱ्या योगेशला पब्लिकने नापास केलं!" मॅडम कशाबशा म्हणाल्या. "बरं झालं. तुझा हात हलका आहे तर. तिसगाव तुझ्याकडेच राहू दे."

जिंकली होती ती. फोन ठेवला असता तरी चाललं असतं. खोटं काहीच नव्हतं त्यात. बाजारात कोणीतरी भाजीचा पुकारा करत होतं आणि तिच्या मनात आलं, एवढ्यावरच थांबावं.

"मॅडम, त्यातला एक दहा खरा आहे," ती म्हणाली.

मग तिने सगळं सांगितलं. चहासकट. पलीकडचं हसू थांबलं होतं.

"मग आता?" मॅडमनी विचारलं.

"फोनचे सगळे आकडे टाकून देऊ. पुन्हा सुरू करते. प्रबंध लांबेल, लांबू दे. आणि यापुढे माझे पेशंट शेवटी योगेश तपासेल, त्याचे मी. मला चटकन दिसत नाही ते त्याला दिसतं."

"ठीक आहे. आणि त्या मुलीला विचार, तिला कोणाकडे यायचंय. तिला आजवर कोणी विचारलेलं दिसत नाही."

प्रज्ञा आत गेली. संस्कृती अजून खुर्चीत होती, भागूबाई तिचा हात धरून बसली होती. संस्कृतीचं उत्तर काय येईल याची प्रज्ञाला खात्री होती. टोक काढलं होतं, दुखणं थांबलं होतं, आपण मॅडमना सगळं प्रामाणिकपणे कबूल केलं होतं. माणूस एवढं सगळं करतो तेव्हा मनात कुठेतरी शाबासकीची वाट बघतच असतो.

"संस्कृती, पुढे तुला कोण बघायला हवं? मी की योगेश सर? खरं सांग."

"मॅडमच!" भागूबाई म्हणाली.

"तुम्ही नाही," प्रज्ञा तिला म्हणाली, पहिल्यांदाच जरा कडक आवाजात. "ती सांगेल."

संस्कृतीने आईकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, मग सरळ प्रज्ञाच्या डोळ्यांत पाहिलं.

"योगेश सर."

प्रज्ञाला लागलं. चांगलंच लागलं, आणि ते तिने लपवायचा प्रयत्नही केला नाही. पण ही पोर आज पहिल्यांदा कोणाचं मन न राखता बोलली होती, आणि ते तिने प्रज्ञाच्याच तोंडावर सांगितलं होतं.

"बरोबर सांगितलंस," प्रज्ञा म्हणाली आणि संस्कृतीला हाताला धरून दुसऱ्या खुर्चीपर्यंत सोडून आली.

योगेश धडपडत उठला. वर्षभरात कोणी त्याला आपणहून मागितल्याची ही पहिलीच वेळ होती. त्याने हात धुतले, हातमोजे उलटे चढवले, काढले, पुन्हा चढवले आणि शेवटी लाल होत म्हणाला, "ये. बस. कशी... म्हणजे, जेवलीस का?"

"आता जेवेन," संस्कृती म्हणाली.

इकडे बिभीषण प्रज्ञाच्या खुर्चीत येऊन बसला होता. "मला तर काहीच तरास न्हाई मॅडम, तुमचा हात म्हंजे..." त्याने सुरुवात केली. प्रज्ञाने त्याला बोलू दिलं नाही. तिने आधी त्याच्या शेवटच्या दाढेमागे बोट फिरवलं, दोन्ही बाजूंनी, वर आणि खाली.